चावी काढली, पण करंट थांबला का?

रात्री गाडी नीट चालवत आणून लावलेली असते. सकाळी चावी फिरवावी तर स्टार्टर नुसता कटकट करतो, डॅशबोर्डवरचे दिवे मंदावतात आणि इंजिन काही हलत नाही. गॅरेजवाल्याला फोन केला की उत्तर ठरलेलं असतं : बॅटरी गेली, नवी टाका. नवी बॅटरी येते, गाडी एका सेल्फमध्ये चालू होते आणि काही महिन्यांनी पुन्हा तशीच सकाळ उजाडते. गाडीत सीटखाली किंवा डिकीत बाहेरून अँप्लिफायर बसवलेला असेल, तर बॅटरीला दोष देण्याआधी त्या अँपकडे जाणाऱ्या तीन तारा तपासायला हव्यात. ही तपासणी घरच्या घरी करता येते आणि ती कशी करायची, हेच या प्रकरणात पाहू.

आठवडाभर उभी राहणारी गाडी

गिरगाव, दादर, परळ, लालबाग इथल्या खासगी गाड्यांचा दिनक्रम उपनगरातल्या गाड्यांपेक्षा वेगळा असतो. चर्नी रोड, दादर, करी रोड, लोअर परळ ही स्टेशनं पायी पोचण्याजोगी आहेत, त्यामुळे कामाला जायला गाडी लागत नाही. शिवाय एकदा गाडी काढली की परत आल्यावर तीच जागा मिळेल, याची खात्री नसते. म्हणून फणसवाडीच्या गल्लीत, रानडे रोडच्या मागे किंवा लालबागच्या टॉवरच्या पार्किंगमध्ये कितीतरी गाड्या सोमवार ते शुक्रवार जागच्या हलत नाहीत. त्या निघतात रविवारी, लग्नकार्याला, आणि गणपतीत कोकणात जाताना.

गळती ओळखण्याच्या दृष्टीने ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. समजा, चावी काढल्यावरही अँप सतत एक अँपिअर करंट खातो आहे. रोज वापरातली गाडी रात्री दहाला लावली आणि सकाळी आठला काढली, तर दहा तासांत दहा अँपिअर-तास गेले. लहान गाडीची बॅटरी साधारण 35 अँपिअर-तासांची असते, म्हणजे 25 उरले. सेल्फ जरा जड लागेल, पण गाडी चालू होईल, आणि दिवसभराच्या धावेत ऑल्टरनेटर ती तूट थोडीफार भरून काढेल. हा दोष महिनोन्‌महिने लपून राहू शकतो. तीच गाडी रविवारी रात्री लावून शनिवारी सकाळी काढायची असेल, तर मध्ये 132 तास जातात. एवढ्या वेळात एक अँपिअरची गळती बॅटरी पूर्ण रिकामी करते. इतकंच कशाला, 130 मिलिअँपिअरची किरकोळ गळतीही 17 अँपिअर-तास, म्हणजे अर्धी बॅटरी, गिळून टाकते.

त्यामुळे ‘शेजाऱ्याच्या गाडीतही तोच अँप आहे, त्याला काही त्रास नाही’ हा युक्तिवाद टिकत नाही. त्याची गाडी रोज धावते, तुमची धावत नाही. दोष दोघांकडे असू शकतो. तो उघडा पडतो तुमच्याकडे.

बॅटरीत काय घडतं?

गाडीची बॅटरी म्हणजे शिशाच्या पट्ट्या आणि सौम्य गंधकाम्ल यांचे सहा कप्पे. हा शोध फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी 1859 मध्ये लावला आणि आजही मूळ रचना तीच आहे. प्रत्येक कप्पा सुमारे 2.1 व्होल्ट देतो. सहा मिळून साडेबारा व्होल्टच्या थोडं वर. रात्रभर विश्रांती घेतलेल्या निरोगी, भरलेल्या बॅटरीवर मीटर 12.6 ते 12.7 व्होल्ट दाखवतो. 12.4 म्हणजे पाऊण भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी, 12.0 म्हणजे पाव, आणि 11.8च्या आसपास आली की ती उतरलीच म्हणायची. अर्ध्या व्होल्टाचा फरक आपल्याला क्षुल्लक वाटतो, पण या बॅटरीत त्याचा अर्थ तीन चतुर्थांश साठा असा होतो. म्हणूनच ‘बारा व्होल्ट दाखवतोय, म्हणजे बॅटरी ठीक आहे’ हे वाक्य कुणी ऐकवलं तर त्यावर विसंबू नये.

करंट देताना पट्ट्यांवर लेड सल्फेटचा थर जमतो आणि चार्ज होताना तो विरघळतो. बॅटरी बराच काळ उतरलेल्या अवस्थेत राहिली, तर हे सल्फेट कडक स्फटिक बनतं आणि मग चार्जिंगलाही दाद देत नाही. पट्टीचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी खोलवर उतरावी आणि पुन्हा भरावी याच कामासाठी बनवलेली असते. गाडीच्या बॅटरीचं काम वेगळं आहे. स्टार्टरला दोन-तीन सेकंदांसाठी शंभर-दीडशे अँपिअरचा जोरकस धक्का द्यायचा आणि लगेच पुन्हा भरून घ्यायचं. त्यासाठी तिच्या पट्ट्या पातळ आणि संख्येने जास्त असतात. अशा बॅटरीला अँपने दर आठवड्याला तळापर्यंत उतरवलं, तर तीन-चार वर्षं चालणारी बॅटरी वर्षभरात मान टाकते. नवी बॅटरी टाकल्यावर दोष गेला असं वाटतं ते एवढ्याचसाठी की नव्या बॅटरीची सहनशक्ती जास्त असते.

भरून काढणंही वाटतं तितकं सोपं नाही. गिरगावहून दादरला जाताना निम्मा वेळ सिग्नलवर जातो. एसी चालू, पावसात वायपर आणि हेडलाइट चालू, इंजिन आयडलिंगवर. अशा वेळी लहान गाडीच्या ऑल्टरनेटरकडे बॅटरीसाठी फारसं काही उरत नाही. दहा अँपिअर-तासांची तूट अर्ध्या-पाऊण तासाच्या अशा फेरीत भरत नाही. ‘रविवारी चक्कर मारून आणतो, चार्ज होईल’ हा इथला आवडता उपाय म्हणूनच अपुरा पडतो.

अँपला थेट बॅटरीची तार का लागते?

गाडीबरोबर येणाऱ्या स्टिरिओवर ‘50 वॅट गुणिले 4’ असं लिहिलेलं असतं. गणित केलं तर ते जमत नाही. इंजिन चालू असताना गाडीत 14.4 व्होल्ट असतात. त्यातून 4 ओहमच्या स्पीकरला सैद्धांतिकदृष्ट्या जास्तीत जास्त 26 वॅट देता येतात आणि प्रत्यक्षात 18 ते 20 वॅट मिळतात. 200 वॅटचा वूफर दणकवायचा तर त्याच स्पीकरला जवळजवळ 28 व्होल्ट, आणि लाटेच्या शिखरावर 40 व्होल्ट द्यावे लागतात. म्हणून बाहेरच्या अँपच्या पोटात एक छोटं वीजकेंद्रच असतं : ते बॅटरीचे बारा व्होल्ट अतिवेगाने चालू-बंद करून ट्रान्सफॉर्मरमधून वाढवतं. या भागाचा कारभार पाहायला कितीतरी अँपमध्ये टीएल494 ही आयसी असते. लॅमिंग्टन रोडवर अँप दुरुस्त करणाऱ्यांच्या डब्यांत ती हमखास सापडते.

एवढी ताकद ओढणारं यंत्र स्टिरिओच्या बारीक वायरवर चालू शकत नाही. 200 वॅट आवाज काढायला जुन्या धर्तीचा, एबी वर्गातला अँप पंचवीसेक अँपिअर ओढतो. म्हणून बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून जाड केबल थेट त्याच्यापर्यंत आणतात, आणि ही केबल चावीच्या कक्षेबाहेर असते. चावी खिशात घालून तुम्ही चौथ्या मजल्यावर पोचलात, तरी अँपच्या पॉझिटिव्हवर बारा व्होल्ट उभेच असतात. हा दोष नाही, रचनाच तशी आहे.

मग अँप झोपतो कसा? त्याच्या कडेला असलेल्या पट्टीवर तीन मुख्य स्क्रू असतात. एकावर लिहिलेलं असतं ‘बी प्लस’ किंवा ‘12 व्होल्ट’, दुसऱ्यावर ‘ग्राउंड’, आणि या दोघांच्या मध्ये किंवा शेजारी एक बारका स्क्रू ‘रेम’ नावाचा. ‘रेम’ म्हणजे रिमोट. स्टिरिओ चालू झाला की त्याच्या मागून येणाऱ्या, बहुधा निळ्या किंवा निळ्या-पांढऱ्या, तारेतून रिमोटवर बारा व्होल्ट येतात आणि अँप जागा होतो. स्टिरिओ बंद झाला की रिमोटवर शून्य व्होल्ट येतात आणि अँप झोपतो. त्या तारेतून काही मिलिअँपिअरच वाहतात, पण अँपचं सगळं जागणं-झोपणं तिच्या हाती असतं. जागा असलेला अँप एक अक्षरही वाजवत नसला, तरी अर्धा ते दोन अँपिअर खातो. अँपशी संबंधित गळतीच्या तक्रारींचा माग काढला, तर तो बहुतेक वेळा या बारीक तारेपाशी जाऊन थांबतो.

रिमोट चुकतो कसा?

पहिलं कारण घाईतल्या जोडणीचं. दसऱ्याला नवी गाडी घेतली किंवा गणपतीत गावी जायचं ठरलं, की ऑपेरा हाऊसजवळच्या, फ्रेंच ब्रिजच्या आसपासच्या ॲक्सेसरीजच्या दुकानांत रांग लागते. सीट कव्हर, मागचा कॅमेरा, स्टिरिओ, अँप, बेस ट्यूब असं सगळं एका दुपारी बसवायचं असतं. स्टिरिओमागे चार तारा महत्त्वाच्या असतात : पिवळी कायम बॅटरीची, लाल चावीवर चालणारी, काळी अर्थची आणि निळी रिमोटची. कंपनीच्या मूळ स्टिरिओला पुष्कळदा निळी तार नसतेच. मग वायरमन हाताला लागेल तिथून रिमोट उचलतो. ती तार पिवळीत गुंफली गेली, तर अँप बसवल्या क्षणापासून कायमचा जागा राहतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटवरून घेतली आणि त्या गाडीत ते सॉकेट चावीविनाही चालू राहणारं असेल, तर परिणाम तोच.

दुसरं कारण अँपच्या आपोआप चालू होण्याच्या सोयीचं. रिमोटची तार न मिळाल्यास काही अँप स्पीकरच्या तारांवरचे सुमारे सहा व्होल्ट ओळखून स्वतःच जागे होतात. काही गाड्यांचा मूळ स्टिरिओ चावी काढल्यावरही बराच वेळ ते व्होल्ट सोडत नाही, आणि अँप त्याच्याबरोबर जागत बसतो.

तिसरं कारण झिजेचं. सीट पुढे-मागे सरकताना तिच्या रुळाखाली दबलेली तार सोलली जाते आणि शेजारच्या जाड केबलच्या उघड्या टोकाला टेकते. वायरमनने रिले वापरला असेल, तर त्याचे कॉन्टॅक्ट चिकटून राहतात. नुसती पीळ देऊन वर चिकटपट्टी गुंडाळलेली जोडणी उन्हाळ्यात गोंद वितळला की सुटते आणि कुठेही स्पर्श करते.

चौथं कारण पाण्याचं, आणि ते या भागाचं खास आहे. हिंदमाता, परळ, दादर टीटी इथे मुसळधार पावसात किती झपाट्याने पाणी भरतं, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. गाडीत घोटाभर पाणी शिरलं, तरी सीटखालचा अँप त्यात बुडतो. गाडी वाळते, कार्पेट बदलतं, गाणी पुन्हा वाजू लागतात आणि सगळे विसरून जातात. अँपच्या सर्किट बोर्डावर मात्र गढूळ पाण्यातले क्षार बसलेले असतात. हवेत दमटपणा आला की ते ओलावा धरतात आणि तांब्याच्या दोन रेषांच्या मधून करंट झिरपू लागतो. अशा अँपचा रिमोट शून्यावर असतानाही गळती चालूच राहते. चौपाटीजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत खाऱ्या हवेने टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर येतो. तो आणि बॅटरीच्या माथ्यावरची ओली धूळ यांतूनही थोडा करंट वाहतो, त्यामुळे तपासणी सुरू करण्याआधी तो भाग पुसून कोरडा करावा.

एक गैरसमज इथेच दूर करू. इंजिनच्या वेगाबरोबर स्पीकरमधून येणारा कुईं आवाज हा गळतीचा पुरावा नाही. तो सहसा कच्च्या अर्थिंगमुळे येतो. रंग न खरवडता बॉडीवर कसलेला स्क्रू हे त्याचं नेहमीचं कारण. दुरुस्ती दोन्हीची हवी, पण तपास वेगळा आहे.

मीटरशिवाय पहिली चाचणी

सकाळी, गाडीला चावी लावण्याआधी, दार उघडून अँपच्या खाचाखाचांच्या ॲल्युमिनियमच्या पाठीवर हात ठेवा. रात्रभर झोपलेला अँप गाडीच्या पत्र्याइतकाच गार लागतो; जागा राहिलेला कोमट लागतो. मग वाकून त्याच्या कडेचा बारका दिवा पाहा. दार उघडताच स्टिरिओ जागा होणाऱ्या गाड्यांत हा दिवा फसवू शकतो, म्हणून हाताचा पुरावा आधी घ्यायचा. चावी काढून सर्व दारं लावल्यावरही काचेतून तो दिवा पेटलेला दिसत असेल, तर निदान जवळजवळ झालंच. लाल ‘प्रोटेक्ट’ दिवा पेटला असेल तरीही अँप जागा आहे असंच समजावं.

मीटर लावून तपास

लॅमिंग्टन रोडवर काही शे रुपयांत मिळणारा साधा डिजिटल मल्टिमीटर या कामाला पुरतो. पुढचा क्रम मात्र सोडू नये.

सर्वांत आधी बॅटरीचे विश्रांतीतले व्होल्ट मोजा. मग इंजिन चालू करून पुन्हा मोजा, साधारण 13.8 ते 14.5 मिळायला हवेत. तेवढे मिळत नसतील तर ऑल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा तपासावा लागेल. बॅटरी पूर्ण चार्ज करूनही तासाभरात 12.4च्या खाली येत असेल, तर ती स्वतःच खराब आहे. या दोन गोष्टी ठीक असतील तरच गळती मोजण्यात अर्थ आहे.

गळती मोजताना मीटर करंटच्या वाटेत यावा लागतो. लाल प्रोब मीटरच्या 10 अँपिअरच्या भोकात घाला आणि बटण डीसी 10 अँपिअरवर न्या. चुकून मिलिअँपिअरच्या भोकात राहिला तर मीटरचा फ्यूज उडतो, आणि स्वस्त पिवळ्या मीटरमध्ये 10 अँपिअरच्या भोकाला फ्यूजच नसतो, म्हणून चूक झाल्यास मीटरच जळतो. बॉनेट उघडा, चावी काढा, सगळी दारं लावा. की-लेस गाडी असेल तर चावी घरात ठेवून या. आता निगेटिव्ह टर्मिनलचा नट सैल करा. एक प्रोब केबलच्या क्लॅम्पला आणि दुसरा बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीला घट्ट धरून ठेवा, आणि मगच क्लॅम्प अलगद वर उचला. असं केल्याने करंट क्षणभरही तुटत नाही, गाडीतले कंप्युटर पुन्हा जागे होत नाहीत आणि स्टिरिओची स्मृतीही पुसली जात नाही. मीटर जोडलेला असताना चावी फिरवायची नाही. स्टार्टरचा करंट मीटरला क्षणात संपवेल.

सुरुवातीला आकडा दोन-तीन अँपिअरही दिसेल. घाबरू नका. आधुनिक गाडीतली यंत्रणा टप्प्याटप्प्याने झोपते. कुठे वीस मिनिटं, कुठे तासभर लागतो. आकडा स्थिरावल्यावर तो 20 ते 50 मिलिअँपिअरच्या आत असेल, म्हणजे मीटरवर 0.02 ते 0.05, तर गाडी निरोगी आहे. घड्याळ, अलार्म आणि इंजिनच्या कंप्युटरची स्मृती यांना एवढं लागतंच.

जुन्या वायरमनची पद्धत वेगळी होती. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीत कंप्युटर नव्हता. चावी काढल्यावर तिचा करंट जवळजवळ शून्य असायला हवा, म्हणून टर्मिनल आणि केबल यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प लावायचा. बल्ब पेटला की गळती आहे, नाही पेटला तर नाही, इतका सरळ हिशेब. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींची कित्येक वर्षं अशा साध्या तपासांवर निभावली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदवली गेली होती, आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्याने 30 ऑक्टोबर 2023 पासून तीही रस्त्यावरून गेली. आजच्या गाडीत टेस्ट लॅम्पने फसगत होते : झोपण्याआधीचा करंट बल्ब पेटवतो, आणि आठवड्यात बॅटरी उतरवणारी 150 मिलिअँपिअरची गळती त्याला दिसतही नाही. म्हणून आता मोजमाप आकड्यातच हवं.

आकडा मोठा आला, तर अँपच्या जाड केबलवरचा बॅटरीजवळचा फ्यूज काढा. आकडा झपकन उतरला, तर करंट अँपच खात होता. आता तो का खातो हे शोधायचं. फ्यूज परत घाला, निगेटिव्ह क्लॅम्प पुन्हा बसवा, लाल प्रोब व्होल्टच्या भोकात घालून मीटर व्होल्टवर न्या आणि चावी काढलेल्या स्थितीत अँपच्या ‘रेम’ आणि ‘ग्राउंड’ या स्क्रूंमधले व्होल्ट मोजा. बारा व्होल्ट दिसले, तर अँपला झोपायला कुणी सांगितलंच नाही. निळ्या तारेचा माग काढत मागे जा. शून्य दिसलं आणि तरीही करंट वाहतो आहे, तर रिमोटचा स्क्रू सोडून पाहा. तेवढ्यानेही फरक पडला नाही, तर दोष अँपच्या पोटात आहे : क्षार बसलेला बोर्ड, झिरपणारा मॉस्फेट किंवा आपोआप चालू होणारं सर्किट.

अँपच्या शेजारी दिव्यांचा आकडा दाखवणारा गोल कपॅसिटर बसवला असेल, तर त्यालाही वेगळं सोडून मोजा. सतत पेटलेला तो आकडासुद्धा थोडा करंट खातोच.

फ्यूज काढूनही आकडा उतरला नाही, तर अँपला सोडा आणि गाडीतले इतर फ्यूज तपासा. ते उपटत बसण्यापेक्षा सोपा मार्ग आहे. प्रत्येक ब्लेड फ्यूजच्या पाठीवर दोन उघडी टोकं असतात. क्लॅम्प परत बसवून त्यांच्यावर मिलिव्होल्ट मोजा. 10 अँपिअरच्या फ्यूजचा रोध साधारण 7 ते 8 मिलिओहम असतो, म्हणजे एक मिलिव्होल्ट दिसला की त्या वाटेने सुमारे 130 मिलिअँपिअर वाहतो आहे. संशयित बहुधा हे असतात : नावापुरता झोपणारा अँड्रॉइड स्टिरिओ, डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, आणि डिकीचा न विझणारा दिवा. क्लॅम्प मीटर वापरायचा असेल तर तो डीसी मोजणारा हवा. घरच्या वायरिंगसाठीचा एसीवाला इथे शून्यच दाखवेल.

वाजवल्यानेच उतरते तेव्हा

विसर्जनाच्या दिवशी गिरगाव चौपाटीजवळ किंवा शिवाजी पार्कच्या कडेला गाडी उभी करून, इंजिन बंद ठेवून गाणी लावणं हे वेगळं प्रकरण आहे. तिथे गळती नसते, सरळ वापर असतो. मोठ्या आवाजात अँप सरासरी 10 ते 15 अँपिअर ओढू शकतो, आणि 35 अँपिअर-तासांची बॅटरी दीडेक तासात अर्ध्यावर येते. दुसऱ्या बॅटरीचा घाट घालण्याआधी आवाजाचं बटण आणि घड्याळ पाहावं. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ही वेळ तशीही शांततेची आहे, आणि परळचा भाग तर केईएम, टाटा, वाडिया अशा मोठ्या रुग्णालयांचा आहे.

दुरुस्ती करून घेताना

रिमोटचा दोष असेल तर खर्च अगदी किरकोळ येतो. निळी तार स्टिरिओच्या रिमोटवर न्यायची, आणि ती सोय नसेल तर चावीबरोबर बंद होणाऱ्या फ्यूजवरून, लहान फ्यूजसह घ्यायची. जोडणी सोल्डर करून वर हीट श्रिंक नळी चढवायची. गाडीची मूळ वायर कापू नये, त्या गाडीचा कपलर मिळतो तो वापरावा. कापलेल्या वायरमुळे वॉरंटीचा वाद होतो. अँप सीटखाली असेल तर तो फळीवर उचलून घ्यावा किंवा डिकीत वर बसवावा, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात बुडणार नाही. पाण्यात गेलेला अँप वाजत असला, तरी उघडून साफ करून घ्यावा.

जाड केबलचा फ्यूज बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आत आहे ना, हे स्वतः पाहा. फ्यूज अँपजवळ आणि बॅटरीजवळ काहीच नाही, अशी जोडणी धोक्याची असते. पत्र्याच्या भोकातून जाताना केबल घासली आणि बॉडीला टेकली, तर तिच्यातून शेकडो अँपिअर वाहतील आणि ते थांबवायला मध्ये काहीच नसेल. गळती बॅटरी घेते; ही चूक गाडी पेटवू शकते.

दुरुस्ती होईपर्यंत अँपचा मुख्य फ्यूज काढून ठेवला तरी गाडी सुरक्षित राहते, फक्त वूफर वाजणार नाही. बॅटरी खरोखरच गेली असेल, तर जुनी बॅटरी भंगारवाल्याला न देता नव्या बॅटरीच्या विक्रेत्याकडेच परत द्या. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांत जुन्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे, आणि उघड्यावर वितळवलेलं शिसं पहिल्यांदा लहान मुलांच्या रक्तात जातं.

अँप बसवून घेणार असाल तर दुकानातच दोन प्रश्न विचारा : ‘दादा, रिमोट कुठून घेतलात? आणि बॅटरीजवळ फ्यूज टाकलात का?’ चांगला वायरमन या प्रश्नांनी रागावत नाही, तो बॉनेट उघडून दाखवतो. आणि बसवून झाल्यावर गाडी ताब्यात घेण्याआधी, चावी काढून, गळतीचा आकडा स्थिरावल्यावर तो मोजून मागा. तो 50 मिलिअँपिअरच्या आत नसेल, तर पैसे देण्याआधी काम पूर्ण करून घ्या. जुन्या गाडीत त्रास सुरू झाला असेल, तर हाच आकडा हाती आल्याशिवाय नवी बॅटरी विकत घेऊ नका.